चारशे अठरा नंबरचा लिफाफा

पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात शिरलं की दारातलं पहिलंच टेबल बारनिशीकाकांचं. त्यांना चारचौघांसारखं चांगलं नाव होतं, हजेरीपटावर ते रोज लिहिलंही जायचं, पण एकतीस वर्षांत ते कुणी मोठ्याने उच्चारलं असेल तर शपथ. बारनिशी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांची नोंदवही. कागद आला की त्यावर शिक्का मारायचा, शिक्क्याच्या चौकटीत नंबर टाकायचा आणि वहीत एक ओळ लिहायची: तारीख, कोणाकडून आला, कशाबद्दल आहे, कोणाच्या टेबलावर गेला. एवढंच काम. पण एवढंच काम एकतीस वर्षं न चुकता करून दाखवा, म्हणजे कळेल.

काकांच्या टेबलावरून एकही कागद गहाळ झालेला नव्हता, आणि ह्याचा त्यांना गर्व होता. का नसावा? दुसरं होतं काय त्यांच्याजवळ? बढती दोनदा हुकली होती, गुडघे कुरकुरत होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हात तर कामाला इतके सरावले होते, की एकदा घरी आलेल्या मेव्हण्याच्या पत्रावर त्यांनी कोपऱ्यात नंबर टाकला. बायको पत्र घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, माझ्या भावाच्या पत्राला नंबर? उद्या मलाही शिक्का माराल!" त्यावर घरात आठवडाभर हशा चालला होता. काकाही हसले होते. हाताची खोड आहे, जायची नाही, म्हणाले होते.

दोन वर्षांपूर्वी नवे साहेब आले आणि कार्यालयातला हशा आटला. आधीचे साहेब काही देवमाणूस होते असं नाही. एक जण दुपारी खुशाल घोरायचे, दुसरे असे ओरडायचे की बाहेर रांगेतली माणसं दचकायची. पण ओरडून झालं की तेच चहाला बोलवायचे. हे नवे साहेब ओरडत नसत. हळू बोलत, अगदी गोड. काचेच्या खोलीतून बाहेर यायचे, चुकलेल्या माणसाच्या टेबलापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "जरा उभे राहा बघू." मग त्या माणसाने आपल्या खुर्चीशेजारी उभं राहायचं, साहेबांनी काचेतून मान हलवेपर्यंत. कधी दहा मिनिटं, कधी तास. पोरंबाळं झालेली, चष्मे लागलेली माणसं, आणि उभी! बाहेरून तक्रार घेऊन आलेले लोक बघत असायचे, ते वेगळंच.

हळूहळू सगळ्यांच्या अंगात ते मुरलं. ओव्हरसियरला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. शिपाई दिवसभर काहीतरी गुणगुणायचा, तो मुका झाला. कुणाला झोप येईना, कुणाचं पोट सारखं बिघडे. रजेचे अर्ज वाढले, तर साहेबांनी रजा घेणाऱ्यांची यादी कारणांसकट फळ्यावर लावली. कुणाला जुलाब झाले होते हे मीटर दुरुस्तीला आलेल्या लोकांनीही वाचलं. तक्रार करणार कोण? सगळे मूग गिळून बसलेले. सोमवारी सकाळी जिना चढताना काका मधल्या पायरीवर उगीच थांबून राहायचे, आणि ह्या वयात शाळेला भिणाऱ्या पोरासारखं वाटतं ह्याचीच त्यांना जास्त लाज वाटायची. बायकोला ते सांगायचे, गुडघा दुखतो म्हणून उशीर लागतो.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्यावरही पाळी आली. एक पत्र टपालातच दोन दिवस अडकलं होतं, पाकिटावर तारीख दिसत होती. पण ती बघतो कोण? "जरा उभे राहा बघू." पावणेबाराला काका उभे राहिले. साडेबारा झाले तरी काचेतली मान काही हलेना. गुडघा असा ठणकायला लागला की त्यांनी टेबलाची कड धरली. तेरा माणसं होती त्या दालनात, आणि तेराच्या तेरा फायलीत तोंड घालून बसली होती.

नाही, बाराच. तेरावी उठली. ती ट्रेसरबाई. जमिनीखालून पाण्याचे नळ कुठून कुठे जातात त्याचे नकाशे पारदर्शक कागदावर गिरवायचं तिचं काम. पस्तिशीची, हाताला कायम शाई लागलेली, बोलायला फटकळ. तिने आपलं उंच स्टूल उचललं, सबंध दालन ओलांडून आणलं आणि काकांच्या मागे ठेवलं.

"काका, बसा."

"अगं, साहेब बघतायत," काका ओठांतल्या ओठांत म्हणाले.

"बघू देत की. डोळे आहेत, बघणारच."

काका बसले नाहीत. उलट म्हणाले काय, तर "तू जा गं आपल्या जागेवर, उगीच माझ्यामुळे तुझ्यावर यायचं." ती जाईना. शेवटी साहेबांनीच मान हलवली आणि तिला आत बोलावलं. पाच मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलंही नाही. स्टूल मात्र तिनेच परत नेलं.

ह्या ट्रेसरबाईचं घर कार्यालयापासून दहा मिनिटांवर. घरात आई, अंथरुणाला खिळलेली. रोज जेवणाच्या सुट्टीत ही पळत घरी जायची, आईला भरवायची, तोंड पुसायची आणि पळत परत यायची. म्हातारी दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घेत नसे. अख्ख्या कार्यालयाला हे माहीत होतं. साहेबांनाही.

आणि अशात मुख्य कार्यालयाकडून ते परिपत्रक आलं. विषय: कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य आणि कार्यालयातील वातावरण. सोबत प्रत्येकासाठी एक प्रश्नावली. बावीस प्रश्न, खुणा करायच्या. "कामावर येताना आपणांस उत्साह वाटतो का?" ओव्हरसियरने वाचलं आणि म्हणाला, "उत्साह म्हणजे काय, हे आधी शेवटच्या पानावर द्यायला हवं होतं." बऱ्याच दिवसांनी दोघं-तिघं हसले. शेवटी एक कोरी चौकट होती, आणखी काही सांगायचं असेल तर. आणि खाली ठळक अक्षरांत: नाव लिहू नये. प्रश्नावली लिफाफ्यात बंद करून बारनिशीकडे द्यावी, बारनिशीने सर्व लिफाफे न उघडता मुख्य कार्यालयाला पाठवावेत.

ट्रेसरबाई दुपारी काकांच्या टेबलाशी आली. "काका, लिहू का खरं?"

"लिही की! तू नाही लिहिणार तर कोण लिहिणार?" काकांच्या आवाजात इतका जोर कुठून आला कोण जाणे. "आम्ही म्हातारे भित्रे. तुझी लेखणी चांगली आहे. सगळ्यांच्या वतीने लिही."

"नाव कळणार नाही ना कुणाला?"

"माझ्या टेबलावरून आजवर काही बाहेर गेलंय?"

ती हसली. तिने त्या चौकटीत लिहिलं, चौकट पुरली नाही तर मागच्या बाजूला लिहिलं. काकांनी स्वतःची प्रश्नावली संध्याकाळी भरली. बावीसच्या बावीस ठिकाणी "समाधानकारक". चौकट कोरी. तिला भरीला घालून स्वतः हा असा, हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. मग त्यांनी घाईघाईने लिफाफा चिकटवला.

घोळ झाला तो पुढेच. दोन दिवसांत चौदा लिफाफे त्यांच्या टेबलावर आले. कागद टेबलावर आला की हात शिक्क्याकडे जातो. काकांनी प्रत्येक लिफाफ्यावर शिक्का मारला, नंबर टाकला आणि वहीत ओळ लिहिली. कोणाकडून? वहीत तो रकाना आहे. तो रिकामा ठेवायचा असतो हे काकांना एकतीस वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. चारशे अकरा, शिपाई. चारशे बारा, ओव्हरसियर. असं करत चारशे अठरा, अनुरेखक, म्हणजे आपली ट्रेसरबाई. त्यांचा स्वतःचा चारशे चोवीस. मग सगळे लिफाफे एका मोठ्या पाकिटात घालून, लाख लावून, पोच घेऊन त्यांनी रवाना केले. एकही फुटला नाही, एकही हरवला नाही. घरी जाताना काका खूश होते.

महिन्याने मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं, ते अर्थात पहिल्यांदा काकांच्याच हातात. पाकीट फोडलं, शिक्का मारला, विषय लिहायला म्हणून वाचायला घेतलं. साहेबांच्या नावाने पत्र. "आपल्या कार्यालयाकडून प्राप्त लिफाफा क्रमांक चारशे अठरा मधील प्रश्नावलीत नमूद केलेली बाब गंभीर आहे. उतारा सोबत जोडला आहे. आपला खुलासा आठ दिवसांत पाठवावा." तिथेही काकांसारखाच कुणी काका बसला असणार. लिफाफ्यावर नंबर दिसला, त्याने नंबराचा संदर्भ दिला. त्याचंही काही चुकलं नाही म्हणा.

काकांनी उतारा वाचला. "छप्पन वर्षांच्या एका सहकाऱ्याला, त्यांची चूक नसताना, पाऊण तासाहून जास्त वेळ सर्वांसमोर उभे ठेवले. त्यांचे गुडघे दुखतात हे सगळ्यांना माहीत आहे. एकतीस वर्षे ज्यांनी ह्या कार्यालयाचा कागद अन् कागद सांभाळला त्यांना टेबलाची कड धरून उभे राहावे लागले, आणि आम्ही खाली बघत बसलो. मला त्या दिवसापासून स्वतःची लाज वाटते."

काकांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. स्वतःची लाज! तिला! ती तर उठली होती. आणि मग त्यांची नजर समोरच्या वहीवर गेली. साहेबांना करायचं काय होतं? बारनिशी मागवायची आणि चारशे अठरावर बोट फिरवायचं.

साहेब अकराला येत. घड्याळात दहा वीस झाले होते. चाळीस मिनिटं. काकांनी वही उघडली. पान फाडावं? पानांना छापील नंबर होते. खाडाखोड करावी? एकतीस वर्षांत त्या वहीत एक खोड नव्हती. मग त्यांना सगळ्यात सोपी वाट सुचली. साहेबांपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, "साहेब, ते मी लिहिलं. नोंद चुकली." कुणालाही पटलं असतं! हकीकत त्यांचीच होती, उभे तेच राहिले होते. आणि त्यांचं वाकडं काय होणार होतं? दोन वर्षं राहिलेल्या माणसाला कुठे धाडणार? घरात आजारी कुणी नाही, मुलगी आपल्या घरी सुखात. काकांनी ते वाक्य मनात दहा-वीस वेळा घोळवलं. शेवटी शेवटी त्यांना स्वतःचं कौतुकही वाटायला लागलं होतं.

सव्वाअकराला बोलावणं आलं. साहेबांपुढे ते पत्र होतं. साहेब नेहमीसारखेच गोड बोलले. "बारनिशी आणा बघू."

आता बोल, बाबा! पण काकांच्या तोंडून निघालं, "हो साहेब." बाहेर आले, वही उचलली. आणि इथे त्यांनी जे केलं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांना शोधायला नको म्हणून त्यांनी त्या पानात कागदाची खूण घातली. टेबलावर वही ठेवली, खुणेपाशी उघडली, साहेबांकडे वळवली आणि बोट ठेवलं.

साहेबांनी वाचलं. "शाबास. नोंद चोख असते तुमची."

आणि काकांना बरं वाटलं. क्षणभर का होईना, छाती भरून आली. पुढे कितीतरी दिवस त्यांना घास गोड लागला नाही तो ह्या क्षणापायी. वही दिली ती भीतीने दिली, असं मनाला समजावता येत होतं. पण बरं वाटलं, त्याचं काय?

साहेबांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. "मला कार्यालयात कधीही उभे ठेवण्यात आलेले नाही." खाली काकांचं नाव. नाव! इतक्या वर्षांनी ते त्या काचेच्या खोलीत साहेबांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "इथे सही." काकांनी सही केली.

चौथ्या दिवशी ट्रेसरबाईच्या बदलीचा हुकूम निघाला. शहराबाहेरचं पंपहाऊस, दोन बसेस बदलून पावणेदोन तास. काम काय, तर तासातासाला मीटरवरचे आकडे टिपायचे. नकाशाचा आणि त्या कामाचा काही संबंध? जावक नोंद करून हुकूम तिच्या हातात द्यायचा आणि सही घ्यायची, हे कामही बारनिशीचंच. काका तिच्या टेबलापाशी गेले. तिने वाचला, पुन्हा वाचला. मग घड्याळाकडे बघितलं. एक वाजायला आला होता, आईच्या जेवणाची वेळ.

"सही कुठे करू, काका?"

त्यांनी रकाना दाखवला. तिने सही केली आणि पिशवी घेऊन धावतच खाली गेली.

त्या दिवशी घरी बायकोने विचारलं, "ती तुमची नकाशेवाली, तिची म्हणे लांब बदली झाली? बाजारात तिची शेजारीण भेटली होती. तिच्या आईचं हो कसं होणार आता?"

"सरकारी नोकरी आहे," काका म्हणाले. "बदल्या व्हायच्याच." आणि ताट तसंच ठेवून उठले. बायको तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं, ह्यांना पोरीचं वाईट वाटलं. किती चांगला आपला नवरा! तिच्या डोळ्यांतलं ते कौतुक बघून काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तीन आठवडे त्यांनी काढले. चौथ्या रविवारी सकाळी ते दोन बसेस बदलून पंपहाऊसवर गेले. तिची रविवारची पाळी असते हे त्यांनी शिपायाकडून काढून घेतलं होतं. आत मशीनची घरघर, ओल्या सिमेंटचा वास, भिंतीवर ओळीने मीटर. ती वहीत आकडे लिहीत होती. काकांना बघून अशी उजळली, की त्यांना वाटलं इथूनच मागे फिरावं.

"काका! एवढ्या लांब? आणि त्या गुडघ्यांनी?" तिने पाणी आणलं. आईची चौकशी केल्यावर म्हणाली, "शेजारच्या काकू भरवतात हो. पण ती तोंडच उघडत नाही. मी पोचते तेव्हा सात वाजतात. तेव्हा खाते थोडं. निम्मी झालीय." मग तीच पुढे म्हणाली, "लिफाफा वाटेत कुणीतरी फोडला असणार. ओव्हरसियर म्हणत होता, बारनिशीत काहीतरी झालं असेल. मी म्हटलं, काकांच्या टेबलाबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

काकांनी सगळं सांगितलं. शिक्का, नंबर, रकाना, वही. खाली बघून सांगितलं, पण सांगितलं.

"वही तुम्ही स्वतः नेऊन दिलीत?"

"हो."

"त्यांनी शोधलं त्यात?"

"नाही. मी खूण घालून दिली." काकांनी हात जोडले. "मला माफ कर पोरी. चूक झाली माझ्या हातून."

"शिक्का मारलात ती चूक, काका. तिच्याबद्दल मी काही म्हणणार नाही. हाताला सवयच तशी तुमच्या." ती उठली, आकडे बघून आली, वहीत लिहिले. कामात खंड पडू दिला नाही. मग म्हणाली, "मी 'असू दे' म्हटलं तर तुम्हाला हलकं वाटेल आणि तुम्ही बसमध्ये बसाल. माझ्या आईच्या तोंडात घास कोण घालणार?"

काकांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"मी वर, मुख्य कार्यालयात अर्ज केलाय. तिथल्या बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, साहेबांचा खुलासा आलाय, की असं काही घडलंच नाही. आता एकाच माणसाने सांगितलं तर उपयोग होईल. ज्याला उभं केलं त्याने." ती त्यांच्यासमोर येऊन थांबली. "काका, तुम्ही लिहून द्या. दोन ओळी. तुमच्या नावाने, तुमच्या सहीने. आईसाठी तरी."

आता खुलाशासोबत गेलेल्या त्या टाइप केलेल्या कागदाचं काकांनी तिला सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं होतं, तेवढं सोडून. तिथे त्यांची सही आधीच होती. दोन ओळी लिहायच्या म्हणजे आपण खोटी सही केली हेही लिहायचं. चौकशी लागणार, आणि निवृत्तीला दोन वर्षं. हे सगळं एका दमात त्यांच्या डोक्यातून गेलं, आणि ती वाट बघत उभी होती.

"बघतो," काका म्हणाले.

ट्रेसरबाईचा चेहरा पडला नाही, ती रागावलीही नाही. दहा वर्षं सरकारी नोकरीत काढलेली बाई ती. तिने नुसतं त्यांच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

"काका, बघतो हे आपण खिडकीशी तक्रार घेऊन येणाऱ्या लोकांना म्हणतो. मला सरळ नाही म्हणा. म्हणजे मी वाट बघणार नाही."

आणि काकांना तेवढंही म्हणता आलं नाही.